दुसऱ्याच्या पापाचं प्रतिक्रमण



एरवी मी इथे उन्हाळी वाळवण, चातुर्मासातले नियम, नातवाला णमोकार कसा शिकवला असलं लिहिते. आजचा विषय तसा नाही. जड आहे. आज मन होत नसेल तर चार दिवसांनी वाचा, पण वाचा.

मागच्या वर्षी दशलक्षण पर्वाच्या पहिल्या दिवशी बस्तीत उत्तम क्षमा धर्मावर प्रवचन चाललं होतं. माझ्या शेजारी अक्का बसली होती. "ज्यानं आपलं वाईट केलं त्यालाही मनातून क्षमा करा" असं वाक्य आलं आणि अक्का उठली. चप्पल न घालताच बाहेर पडली. मी मागोमाग गेले. घराच्या पायरीवर बसून ती म्हणाली, "तूही तेव्हा हेच म्हणाली होतीस गं."

मला लगेच आठवलं. म्हणजे मी ते कधी विसरलेच नव्हते.

तिला इथे नुसतं अक्का म्हणते. ओळख पटेल अशा दोन-तीन गोष्टी बदलल्या आहेत. हा लेख तिला वाचून दाखवला. दोन ओळी तिनं खोडायला लावल्या, त्या खोडल्या.

१९८४ साली आम्ही दोघी अंगणात ज्वारी निवडत बसलो होतो. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. तिनं मान खाली घालूनच सांगितलं की ती एकोणीस वर्षांची असताना एका लग्नघरात, घरच्यांच्या ओळखीच्या, मोठा मान असलेल्या माणसानं तिच्यावर जबरदस्ती केली. तिनं आईला सांगितलं होतं. आईनं तिला न्हाऊ घातलं आणि म्हणाली, "आता हे कुणाला बोलायचं नाही." मी काय म्हणाले? "अक्का, मागच्या जन्मीचं काहीतरी कर्म असेल. उदयाला आलं, भोगून संपलं. आता क्षमा करून टाक आणि विसर." मला वाटलं, मी तिला धर्माचा आधार दिला. तिनं सूप उचललं आणि ती आत गेली. त्यानंतर चाळीस वर्षं ती त्या विषयावर माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

त्या चाळीस वर्षांत आम्ही काय पाहिलं? अक्का लग्नाच्या हॉलमध्ये जेवायला थांबत नाही. रात्री तीन-तीनदा उठून कडी बघते. दिवा मालवून झोपत नाही. मागून कुणी खांद्यावर हात ठेवला तर इतकी दचकते की हातातलं भांडं पडतं. आणि राग! आम्ही सगळे म्हणायचो, अक्काचा स्वभावच तापट. नेहमीच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं झोपेची गोळी दिली. त्यांनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. यजमान सहा वर्षांपूर्वी गेले, त्यांनाही कधी कळलं नाही.

त्या दिवशी पायरीवर मी तिला विचारलं, "डॉक्टरांकडे जाऊया का? मनाच्या?" ती म्हणाली, "आता या वयात? अठ्ठेचाळीस वर्षं झाली. माती झाली त्याची."

माझ्या भावाची सून मानसशास्त्र शिकली आहे. नाव न सांगता तिला विचारलं. तिनं मला वाचायला कागद काढून दिले. मी बी.कॉम. बाई, सासऱ्यांच्या हळदीच्या अडतीची वही वीस वर्षं लिहिलेली. मानसशास्त्रातले शब्द अडले, पण आकडे मला वाचता येतात. किती जणींना घेतलं, किती मध्येच गेल्या, शिल्लक काय राहिली, एवढं तर कुठल्याही हिशेबात बघायचंच असतं. ते वाचता वाचता मला अक्काची चाळीस वर्षं कागदावर दिसायला लागली.

बॉस्टनमध्ये १९७२-७३ साली अॅन बर्जेस नावाच्या परिचारिका आणि लिंडा होल्मस्ट्रॉम नावाच्या समाजशास्त्रज्ञ, दोघींनी ठरवलं की सिटी हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकीशी बोलायचं. रात्री-अपरात्री फोन आला की त्या जायच्या. १९७४ साली त्यांनी ९२ स्त्रियांच्या नोंदींवरून लिहिलं: झोप उडणं, वाईट स्वप्नं, दचकणं, गर्दीची भीती, स्वतःला दोष देणं. हा एकेकीचा स्वभाव नव्हता, सगळ्यांना झालेली एकच दुखापत होती. १९८० साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत पीटीएसडी हे नाव आलं, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार. त्याची चर्चा तोवर व्हिएतनामच्या युद्धावरून आलेल्या सैनिकांच्या निमित्तानं जास्त होत होती. आमची अक्का कुठल्या युद्धावर गेली नव्हती. ती एका लग्नाला गेली होती.

पुढे १९९२ साली बार्बरा रॉथबॉम, एडना फोआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बलात्कार झालेल्या स्त्रियांना तीन महिने दर आठवड्याला भेटून नोंदी ठेवल्या. सुमारे बारा दिवसांनी शंभरातल्या ९४ जणींत या विकाराची लक्षणं होती. तीन महिन्यांनी ती ४७ जणींत उरली. निम्म्या जणी हळूहळू सावरल्या. उरलेल्या निम्म्यांची जखम मात्र तशीच उघडी राहिली. 'वेळ हेच औषध' असं आपण म्हणतो, ते निम्म्या जणींच्या बाबतीतच खरं ठरलं.

मग औषध काय? एडना फोआ यांनी पेनसिल्व्हेनियात एक पद्धत बसवली, प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर. त्यात सुरक्षित जागी, प्रशिक्षित माणसासमोर, ती आठवण पुन्हा पुन्हा सांगायची आणि धोका नसताना ज्या गोष्टी भीतीनं टाळतो त्यांच्याकडे थोडं थोडं परत जायचं. हेतू असा की मनाला कळावं, ही आता आठवण आहे, प्रसंग नाही. पॅट्रिशिया रेसिक यांनी दुसरी पद्धत बसवली, कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, थोडक्यात सीपीटी. त्यात त्या प्रसंगानंतर मनात घट्ट बसलेली वाक्यं शोधायची आणि ती खरी आहेत का ते तपासायचं. साधारण बारा बैठका.

२००२ साली रेसिक यांनी दोन्ही पद्धतींची तुलना छापली. १७१ स्त्रिया, सगळ्या बलात्कारातून वाचलेल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून काहींना ही पद्धत, काहींना ती, आणि काहींना आधी थांबायला सांगितलं. ज्यांनी उपचार पूर्ण केले त्यांच्यातल्या सुमारे ८० टक्क्यांना शेवटी पीटीएसडी उरला नव्हता. नुसत्या थांबलेल्या मात्र जवळजवळ सगळ्या होत्या तिथेच होत्या. मी लगेच सोडून गेलेल्यांचा रकाना शोधला. सुरू केलेल्यांतल्या साधारण चौथा हिस्सा मध्येच थांबल्या होत्या. सगळ्यांना धरून हिशेब केला तर बऱ्या झालेल्या निम्म्याहून थोड्या जास्त. म्हणजे जादू नाही. पण चाळीस वर्षं झोपेची गोळी घेऊन जे मिळालं नाही, त्याच्या मानानं कितीतरी मोठी जमा. पाच ते दहा वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं तेव्हा हा फायदा टिकलेला दिसला.

आणि एक आकडा मी अक्कासाठी लाल शाईनं खुणावला. त्या स्त्रियांवरचा अत्याचार सरासरी साडेआठ वर्षं जुना होता. काहींचा तीस वर्षं जुना. अक्का म्हणाली, "तीस. माझे अठ्ठेचाळीस." पण ती कागदाकडे बराच वेळ बघत बसली. चार दिवसांनी म्हणाली, "चल."

या पद्धतीचं शिक्षण घेतलेल्या एक मॅडम आम्हाला मिळाल्या. दर बुधवारी जायचं. मी बाहेर जपमाळ घेऊन बसायची. आतलं काय सांगायचं ते अक्काच्या मर्जीवर. पहिल्याच आठवड्यात घरी लिहायला सांगितलं होतं: हे तुमच्या बाबतीत का घडलं असं तुम्हाला वाटतं, आणि त्यानं तुमचं स्वतःबद्दल, माणसांबद्दल, जगाबद्दल काय मत झालं. प्रसंगाचं वर्णन नको, फक्त 'का'. चौथीपर्यंत शिकलेली अक्का पाच दिवस वही घेऊन बसली. मग तिनं ती वही माझ्यापुढे टाकली.

सात वाक्यं होती. 'मी माडीवर एकटी गेले.' 'मी दाराला कडी लावली नाही.' 'मी ओरडले नाही.' 'मी पुढच्या वर्षी त्याला पंगतीत वाढलं.' 'आईला माझी लाज वाटली.' 'माझ्या पूर्वकर्मानं झालं.' 'मी क्षमा करू शकत नाही म्हणून मी पापी.'

मैत्रिणींनो, शेवटची दोन वाक्यं माझी होती.

हिशेबाच्या भाषेत सांगते, मला तीच येते. रोजकीर्दीत एखादी नोंद भलत्याच्या नावावर पडली की ती खतावणीत तशीच उतरते. पुढच्या वर्षाच्या वहीत शिल्लक म्हणून तीच ओढली जाते, त्याच्या पुढच्या वर्षीही. कधी तर तेरीजही बरोबर जुळते, कारण रक्कम खरी असते, फक्त खातं चुकीचं. ही चूक नुसत्या बेरजेनं सापडत नाही. मूळ पावती काढून बघावी लागते. अक्काच्या बैठकांत हेच चाललं होतं. एकेक वाक्य घ्यायचं आणि विचारायचं, याला पुरावा काय? याच्या विरुद्ध पुरावा काय? हे खरंच घडलं, की कुणी तुम्हाला तसं सांगितलं?

'मी माडीवर एकटी गेले.' कशाला? अंथरुणं आणायला, मोठ्यांनी सांगितलं म्हणून. त्या दिवशी माडीवर आणखी किती जणी जाऊन आल्या? सगळ्याच. मग माडीवर जाणं हे कारण कसं?

'मी ओरडले नाही' हे सगळ्यात चिवट निघालं. मॅडमनी तिला सांगितलं की भयंकर भीतीत शरीर लाकडासारखं होतं, आवाज फुटत नाही, आणि ते आपण ठरवत नाही. नंतर मी त्यावरचं वाचलं. स्टॉकहोममध्ये अशा स्त्रियांसाठीच्या तातडीच्या दवाखान्यात आलेल्या २९८ जणींचा अभ्यास २०१७ साली छापला गेला. त्यातल्या ७० टक्के स्त्रियांनी सांगितलं की त्या वेळी त्यांचं अंग असंच थिजलं होतं. अक्काला हा आकडा सांगितला तर म्हणाली, "म्हणजे मी मुकी नव्हते." आणि रडली. त्याआधी तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

सोपं नव्हतं हे सगळं. चौथ्या बैठकीनंतर तिची झोप आणखी बिघडली. पुढच्या बुधवारी ती आलीच नाही. फोनवर म्हणाली, "खपली काढून काय मिळतंय?" मॅडमनी तिला स्वतः फोन केला, जबरदस्ती केली नाही, एवढंच सांगितलं की सुरुवातीला असं होऊ शकतं, तुम्ही म्हणाल त्या वेगानं जाऊ. एक आठवडा गेला आणि ती परत आली.

कर्माचं वाक्य मात्र मॅडमच्या हातात नव्हतं. त्या म्हणाल्या, हे तुमच्या धर्मातल्या जाणत्या माणसाला विचारा. तेव्हा शेजारच्या गावात आर्यिका माताजींचा चातुर्मास होता. आम्ही गेलो. "वंदामि माताजी" म्हणून मीच विचारलं, कारण वाक्य माझं होतं.

माताजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, कर्माचा उदय हा विचार आपण आपल्याबद्दल करायचा, समता राहावी म्हणून. दुसऱ्याच्या दुःखाकडे बघताना आपल्यापुढे एकच गोष्ट असते, अनुकंपा. तिथे कर्माचा हिशेब सांगायला आपल्याला कुणी नेमलेलं नाही. मग अक्काकडे वळून म्हणाल्या, "पाप लागतं ते करणाऱ्याला, करवणाऱ्याला आणि अनुमोदन देणाऱ्याला. तुम्ही या तिघांत कुठे आहात?" अक्का म्हणाली, "कुठेच नाही." माताजी म्हणाल्या, "मग प्रतिक्रमण कशाचं करता? प्रतिक्रमण आपल्या दोषाचं असतं."

परत येताना एसटीत अक्का खिडकीला डोकं टेकून शांत बसली होती. माझं मात्र मन थाऱ्यावर नव्हतं. कृत, कारित, अनुमोदित. ती तिघांत नव्हती. पण ज्या घरानं "कुणाला बोलायचं नाही" म्हटलं आणि पुढच्या वर्षी त्याच माणसाला मानानं पाटावर बसवलं, ते घर कुठे होतं? आणि ज्वारी निवडता निवडता "क्षमा करून टाक" म्हणणारी मी?

बाराव्या बैठकीला पहिल्या आठवड्याचा प्रश्न पुन्हा लिहायचा असतो, आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून वाचायची. अक्काची दुसरी वही एका ओळीची होती. 'ते झालं कारण त्यानं केलं.' अठ्ठेचाळीस वर्षांनी नोंद योग्य खात्यावर गेली.

पूर्ण बरी झाली का? दिवा अजून लागतो, पण आता छोटा. कडी एकदा बघते. झोपेची गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केली. वैशाखात भाच्याच्या लग्नात हॉलमध्ये बसून जेवली, आणि जेवून लगेच उठली नाही.

तुम्ही म्हणाल, ही शहरातली, शिकलेल्यांची थेरं. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. काँगो देशाच्या पूर्व भागात, जिथे युद्धात बायकांवर अतोनात अत्याचार झाले, तिथल्या खेड्यांत हीच सीपीटी पद्धत वापरून बघितली. २०१३ साली तो अभ्यास छापला गेला. सात गावांत १५७ स्त्रियांना गटात बसवून हे उपचार दिले, दुसऱ्या आठ गावांत २४८ जणींना वैयक्तिक आधार दिला. देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्राथमिक शाळेनंतर किमान चार वर्षं शिकलेल्या तिथल्याच कार्यकर्त्या होत्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्यासाठी गृहपाठ सोपा करून तोंडपाठ करवला. सहा महिन्यांनी उपचार मिळालेल्यांत नैराश्य-चिंतेचा आजार असावा अशा ९ टक्के उरल्या, नुसता आधार मिळालेल्यांत ४२ टक्के. पीटीएसडीचं चित्रही तसंच. बंदुकीच्या छायेत राहणाऱ्या, अक्षर न येणाऱ्या बायका हे करू शकल्या, तर आपल्याला वय आणि शिक्षणाची सबब सांगता येणार नाही.

आता आपल्या घरातलं बोलते. तुमची लेक, सून, नात, भाची, कामाला येणारी बाई, कुणीही एक दिवस तुमच्यापुढे असं वाक्य टाकील. तेव्हा तुम्ही डॉक्टर नसाल, पण पहिलं ऐकणारं माणूस तुम्ही असाल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत या पहिल्या आधाराचं वर्णन आहे आणि ते आपल्याला जमण्यासारखं आहे. ऐका. तिला आत्ता काय हवं ते विचारा. तिच्यावर विश्वास आहे हे तोंडानं सांगा. ती सुरक्षित आहे ना ते बघा. पुढच्या मदतीपर्यंत तिच्यासोबत जा. सगळा तपशील एकाच बैठकीत खोदून काढू नका, त्यानं भलं होत नाही. "तू तिथे गेलीसच कशाला" म्हणू नका. "विसर" म्हणू नका. "क्षमा कर" तर नकोच. क्षमा तिच्या मनातून कधी उगवली तर उगवेल. ती मागण्याचं काम ज्यानं केलं त्याचं आहे.

कायद्यानं अशा स्त्रीला सरकारी काय, खाजगी काय, कुठल्याही रुग्णालयात तातडीचे उपचार मोफत मिळाले पाहिजेत. २०१३ पासून तसा नियम आहे. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक, आणि १४४१६ हा टेलिमानसचा, मनाच्या आजारांसाठीचा, मराठीतही बोलतात. मुंबईत महापालिकेच्या काही रुग्णालयांत 'दिलासा' केंद्रं आहेत. हे दोन क्रमांक फ्रिजवर गॅसवाल्याच्या नंबराशेजारी लावून ठेवा. कुणासाठी लावले ते सांगायची गरज नाही. घरातल्या पोरी बघतात आणि लक्षात ठेवतात.

यंदाच्या क्षमावाणीला मी अक्काच्या घरी गेले. दरवर्षी आपण हात जोडून म्हणतो, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा. या वेळी मी तसं मोघम म्हटलं नाही. म्हटलं, "अक्का, चौऱ्याऐंशी साली ज्वारी निवडताना मी तुला जे बोलले, त्याची क्षमा मागते."

ती लगेच "उत्तम क्षमा" म्हणाली नाही. मीही घाई केली नाही. एवढं तरी मी शिकले आहे. ती आत गेली, पाणी गाळून तांब्या भरून घेऊन आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "बस. आज घाईनं जाऊ नकोस. मला बोलायचंय."

सूर्यास्ताची वेळ झाली तरी आम्ही बोलत होतो. त्या दिवशी दोघींचंही संध्याकाळचं जेवण राहिलं.

जय जिनेंद्र.